कारण विचारणं मी सोडलं

समलैंगिकता जन्मजात असते, म्हणून ती स्वीकारली पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा सहकाऱ्यांना सांगितलं. निवृत्तीनंतर वसई-विरारमधल्या महिला मंडळांत, वाचनालयांत सांगितलं आणि कळंबला घरी ओटीवर बसलेल्या नातेवाइकांनाही सांगितलं. ती बऱ्याच अंशी जन्मजात असावी, असं मला आजही वाटतं. ती स्वीकारली पाहिजे, हे तर पूर्वीपेक्षा अधिक ठामपणे वाटतं. पण पहिल्या गोष्टीवर दुसरी उभी करणं मी सोडलं आहे. ज्यांनी माझी ती भाषणं ऐकली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

त्या युक्तिवादाकडे मी का वळले, हे आधी सांगते. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेतलं कलम 377 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला शिक्षा सांगत होतं. कायद्यानंच निसर्गाचं नाव घेतल्यावर आम्ही सगळे निसर्गाची साक्ष काढायला धावलो. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै 2009 मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळलं आणि 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उलटवला. त्या डिसेंबरात मी फार अस्वस्थ होते. आजूबाजूला जे बोललं जात होतं, ते आमच्या भागात कुणीही ऐकलं असेल: लाडानं बिघडलाय, हॉस्टेलात लागलेली सवय आहे, मुंबईच्या पोरांचं बघून शिकला, बाहेरचं काहीतरी असेल, लग्न लावा म्हणजे सरळ होईल. या सगळ्याला एकच उत्तर पुरेसं आहे असं मला वाटे. हे शिकलेलं नाही, हे असंच जन्माला येतं.

आणि माझ्याकडे पुरावा होता. 1991 मध्ये सायमन लिव्हे यांनी समलिंगी आणि इतर पुरुषांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या एका बारीकशा भागाच्या आकारात फरक दाखवला. त्याच वर्षी बेली आणि पिलार्ड यांनी जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक भाऊ समलिंगी असेल तर एकबीज जुळ्यांमध्ये दुसराही तसा असण्याचं प्रमाण 52 टक्के, द्विबीज जुळ्यांमध्ये 22. 1993 मध्ये डीन हेमर यांनी एक्स गुणसूत्राच्या टोकाकडे बोट दाखवलं. मोठे भाऊ जितके अधिक, तितकी धाकट्याच्या बाबतीत शक्यता थोडी वाढते, हेही पुढे अनेक अभ्यासांत दिसलं. हे सगळं मी फळ्यावर आकृत्या काढून सांगत असे. जीवशास्त्राची शिक्षिका सांगते आहे म्हणून लोक ऐकत.

त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारणार नाही. भाषण संपल्यावर आया मागे थांबत. सगळ्या गेल्या की एखादी जवळ येऊन विचारायची, "बाई, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?" नाही, तुमचं काही चुकलं नाही, असं मी सांगे आणि त्या बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसे. मुलगा असा निघाला की आपल्याकडे पहिलं बोट आईकडे जातं. अशा घरात जन्माचं शास्त्र औषधासारखं लागू पडतं. म्हणून आजही एखादी आई तो प्रश्न विचारते, तेव्हा मी तिला हक्कांचं तत्त्वज्ञान ऐकवत नाही. तुमचा दोष नाही, एवढंच सांगते. ते खरंही आहे.

पहिला धक्का ऑगस्ट 2019 मध्ये बसला. 'सायन्स' या नियतकालिकात आजवरचा सर्वांत मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळजवळ पावणेपाच लाख माणसांचा. त्याचा निष्कर्ष असा की 'समलैंगिकतेचं जनुक' असं काही नाही. अनेक जनुकांचा प्रत्येकी थोडा थोडा वाटा आहे, सगळा मिळूनही तो अपुराच, आणि एखाद्याची जनुकं पाहून तो कुणावर प्रेम करील हे सांगता येणार नाही. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आता मंडळात काय सांगू? मग गर्भातल्या संप्रेरकांचे अभ्यास शोधायला बसले. एक पुरावा हलला तर दुसरा टेकू हवा होता. त्या शोधात असतानाच माझ्या लक्षात आलं की मी लाखो माणसांची इज्जत एका प्रयोगशाळेच्या पुढच्या निष्कर्षावर टांगून ठेवली आहे. उद्या दुसरा अभ्यास आला आणि त्यानं म्हटलं की यात बालपणाचाही वाटा आहे, तर ही माणसं कमी माणसं ठरणार का? असा प्रश्न मी स्वतःला तोवर कधी विचारलाच नव्हता.

दुसरा धक्का माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं दिला. ती आता मुंबईत नोकरी करते. मैत्रिणीला घेऊन एका रविवारी कळंबला आली. किनाऱ्यावर गर्दी होती, म्हणून आम्ही मागच्या अंगणात बसलो. मी नेहमीच्या उत्साहानं तिला माझ्या भाषणांबद्दल सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मला मुलगेही आवडले आहेत. एका मुलाशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मनात आणलं असतं तर केलं असतं, सुखातही राहिले असते. पण मी हिला निवडलं. तुमच्या भाषणात माझ्यासाठी जागा कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा युक्तिवाद फक्त त्यांना वाचवत होता ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. 'बिचाऱ्यांचा इलाज नाही, म्हणून चालवून घ्या', असा त्याचा सूर होता, मी कितीही गोड आवाजात सांगितला तरी. जिला इलाज होता आणि तरीही जिनं एका स्त्रीवर प्रेम करायचं ठरवलं, ती त्या सुरात बसत नव्हती. आणि खरं पाहिलं तर आपल्यापैकी कुणालाही आपलं प्रेम लाचारी म्हणून चालवून घेतलेलं नको असतं.

त्यानंतर मी इतिहास नव्यानं वाचू लागले आणि जन्माच्या युक्तिवादावरचा विश्वास उडत गेला. आपल्या देशात 'जन्मानं' या गोष्टीनं कुणाचं रक्षण केलं आहे? जात जन्मानंच मिळते. ती कुणी निवडत नाही, बदलता येत नाही, आणि नेमकं तेच कारण देऊन माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवलं गेलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या समूहांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची, स्त्रीवेशात नाचगाणं केलं तर शिक्षा करायची. पारध्यांसारख्या समाजांना 1952 मध्ये तो कायदा गेल्यावरही जन्माचा तो शिक्का सोसावा लागला. आणि मुलगी? मुलगी मुलगी म्हणूनच जन्माला येते, याबद्दल कुणालाच शंका नाही. तरी गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, कारण जन्माआधीच कळू लागलं तेव्हा लोकांनी जन्मच रोखला. समलैंगिकतेचं कारण गर्भात सापडलं तर आपल्याकडची सोनोग्राफी केंद्रं काय करतील, हा विचार मनात आला आणि ते कारण सापडावं ही माझी जुनी इच्छा तिथेच विझली.

जर्मनीची गोष्ट याहून भयंकर आहे. माग्नुस हिर्शफेल्ड हे डॉक्टर आयुष्यभर हेच सांगत होते की ही निसर्गाचीच एक तऱ्हा आहे, म्हणून शिक्षा करू नका. 1919 मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. मे 1933 मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिची पुस्तकं जाळली. पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट नावाच्या डॉक्टरनं समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकाच्या कृत्रिम ग्रंथी बसवून त्यांना 'बरं' करण्याचे प्रयोग केले. दोष शरीरात आहे असं मानल्यामुळेच ते प्रयोग सुचले. कारण सापडलं की स्वीकार येईल, असं मी समजत होते. तिथे कारणाच्या मागोमाग इलाज आला होता.

एका वाचनालयातल्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ते म्हणाले होते, "लहान मुलांकडे ओढ असणाराही म्हणेल की मी जन्मतः असाच आहे. मग त्यालाही मान्यता द्यायची का?" त्या वेळी मी रागावले आणि विषय बदलला. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझ्या मांडणीत खरंच ते भोक होतं. ओढ कुठून आली यावरून तिचं बरेवाईटपण ठरत नाही. रागीट स्वभाव जन्मजात असला म्हणून मारहाणीला माफी मिळत नाही, आणि दयाळूपणा आजीकडून शिकला म्हणून तो हलका होत नाही. पाहायचं ते एवढंच की दोघं प्रौढ आहेत का, दोघांची खुशी आहे का, कुणाला इजा होते आहे का. मूल संमती देऊ शकत नाही, तिथेच त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर संपतं. दोन प्रौढ बायकांचा किंवा दोन प्रौढ पुरुषांचा संसार या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देतो. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.

कारणावरून हक्क ठरत नाही, हे वसईच्या माणसाला तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. 1534 च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत इथली कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. कोण श्रद्धेनं झालं, कोण धाकानं, कोण सवलतीसाठी, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. पण आज आमच्या शेजारच्या गावातल्या कॅथलिक माणसाला मतदानाचा, जमिनीचा, प्रार्थनेचा हक्क देताना ते कारण कुणी विचारत नाही. धर्म जनुकात नसतो, तो बदलता येतो, तरी राज्यघटनेचं पंचविसावं कलम त्याला मूलभूत हक्काचं संरक्षण देतं. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत सुकेळी घ्यायला दोन्ही धर्मांची माणसं येतात. जन्मानं मिळालेलं तेवढंच खरं, असा नियम आपण धर्माला कधी लावला नाही. मग तो प्रेमालाच का लावायचा?

माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली, ती मला फार बोलकी वाटली. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिकवणीच्या ग्रंथाच्या, 1992 च्या आवृत्तीत असं लिहिलं होतं की ही माणसं आपली समलैंगिक अवस्था निवडत नाहीत. 1997 च्या सुधारित आवृत्तीतून ते वाक्य काढलं गेलं. या अवस्थेचा मानसिक उगम बऱ्याच अंशी अनाकलनीय आहे, असं तोच ग्रंथ म्हणतो. पण ते वाक्य असताना आणि नसताना, दोन्ही वेळा समलिंगी संबंधांबद्दलचा चर्चचा नकार तसाच राहिला आणि अशा माणसांशी आदरानं, करुणेनं वागा, अन्यायकारक भेदभाव करू नका, ही आज्ञाही तशीच राहिली. म्हणजे 'निवडलेलं नाही' हे मान्य करूनही नकार देता येतो आणि उगम माहीत नसतानाही आदर सांगता येतो. मी ज्या गोष्टीवर सगळा भार टाकला होता, तिनं तराजू जराही हलला नव्हता.

न्यायालयातही मला हेच दिसतं. 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज जोहर निकालात पाच न्यायाधीशांनी एकमतानं कलम 377 चा तो जाच काढून टाकला. त्या निकालपत्रांत लैंगिक कल निसर्गदत्त असल्याचं सांगितलं आहे आणि त्याच्या जोडीनं व्यक्तीचं स्वातंत्र्य, प्रतिष्ठा, खासगीपणा यांचीही बाजू आहे. तेव्हा मी पहिलीच बाजू अधोरेखित करून लोकांना वाचून दाखवत असे. आता वाटतं, निकाल उभा आहे तो दुसऱ्या बाजूवर. कारण पुढे 17 ऑक्टोबर 2023 रोजी, समलिंगी विवाहाच्या खटल्यात, ही गोष्ट केवळ शहरी किंवा उच्चभ्रू नाही हे न्यायालयानं मान्य केलं, सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ती नैसर्गिक असल्याचं लिहिलं, आणि तरीही विवाहाचा हक्क मिळाला नाही. निसर्गाचं प्रमाणपत्र हातात होतं, हक्क नव्हता.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांचा मार्ग मला जास्त जवळचा वाटतो. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींचं प्रकरण त्यांच्यापुढे होतं. घरच्यांनी पोलिसांत तक्रारी दिल्या होत्या. या विषयातलं आपलं अज्ञान न्यायमूर्तींनी निकालपत्रातच मोकळेपणानं लिहिलं, स्वतः समुपदेशकाकडे बसून विषय समजून घेतला आणि 7 जून 2021 रोजी त्या दोघींना संरक्षण देताना, अशा माणसांना 'बदलण्याचे' वैद्यकीय प्रयत्न थांबवण्याचे आदेश दिले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगानं अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. न्यायमूर्ती जनुकांचा निर्णय लागायची वाट पाहत थांबले नाहीत. समोरच्या दोन मुलींशी बोलले, त्यांच्या पालकांशी बोलले.

माझ्या जुन्या भूमिकेतल्या काही मित्रांना भीती वाटते की 'कारण महत्त्वाचं नाही' असं आपण म्हटलं, तर समोरचे लगेच म्हणतील, मग बदलून दाखवा. ही भीती मला समजते, पण ती मला पटत नाही. एखादी गोष्ट जन्मानं आली नाही म्हणून ती मोडून काढता येते असं मुळीच नाही. आमच्या भागातली सामवेदी किंवा वाडवळी बोली घेऊन कुणी जन्माला येत नाही, तरी ज्या बोलीत आईनं हाक मारली ती माणसाच्या आतून उपसून काढता येत नाही, आणि काढायला जाणं हा छळ आहे. 'बदलण्याचे' उपचार वाईट आहेत ते माणसं उद्ध्वस्त करतात म्हणून. ते यशस्वी झाले असते, तरीही ते लादणं वाईटच होतं.

मराठीत या वादाची दोन्ही टोकं फार पूर्वी एकाच जागी आली होती, हे मला उशिरा कळलं. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये न्यायालयात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला, ओढ जन्मजात असू शकते हे मांडलं, आणि त्याच दमात, माणसाला आपल्या पद्धतीनं सुख मिळवण्याचा हक्क आहे असंही मांडलं, असं त्या खटल्याविषयी लिहिलेलं वाचायला मिळतं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. जन्मानं लादलेल्या गोष्टींविरुद्ध ज्यांनी हयात वेचली, त्या माणसाला केवळ जन्माचा आधार पुरेसा वाटला नसणार, असं मी समजते. नव्वद वर्षांपूर्वी मांडलेल्या त्या दुसऱ्या युक्तिवादाकडे मी आता आले आहे.

भाषणं मी अजूनही करते. मेंदूच्या आकृत्या काढत नाही. कुणी विचारलं तर जुळ्यांचा अभ्यास, 2019 चा अभ्यास, जे माहीत आहे ते सांगते, कारण विज्ञान मला आवडतं आणि लोकांना कुतूहल असतं. पण माझा बहुतेक वेळ आता दुसऱ्याच गोष्टींत जातो. जोडीदार अतिदक्षता विभागात असेल तर सही कोण करणार? भाड्याचं घर कुणाच्या नावावर मिळणार? दोघांनी मिळून घेतलेली खोली एकाच्या मृत्यूनंतर कुणाकडे जाणार? मृत्युपत्र का करून ठेवावं? ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं आहे की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कुठलीही आडकाठी नाही. ही गोष्ट कितीतरी जणांना ठाऊक नाही, काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्याला एकाच कुटुंबातलं समजावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं आहे. दत्तक, वारसा, लग्न यांचं अजून काहीच नाही, आणि ते संसदेनं किंवा विधिमंडळानं दिल्याशिवाय मिळणारही नाही.

तुमच्या घरात, वाडीत, नात्यात कुणी तुम्हाला हे सांगायला आलं, तर असं का झालं, कधीपासून झालं, कुणामुळे झालं, हे विचारू नका. त्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न जबरदस्तीनं लावू नका. जोडीदाराला घरी जेवायला बोलवा, आणि बँकेत अर्ज भरायला जाताना लागली तर सोबत जा.